चपलांबरोबर बाहेर ठेवलेलं

इशीची मान माझ्या दंडावरून मागं लोंबली आणि डॉक्टरांनी तिला माझ्या हातातून काढून घेतलं. मी मागं धावले तर तू मला धरलंस. आता लोक म्हणतील हळुवार धरलंस. तू गेल्यापासून तुझं सगळंच हळुवार झालंय. तू मला घट्ट धरलं होतंस, दंडाला वळ उठला. उघड्या दारातून दिसलं, आत तिचा फ्रॉक कात्रीनं कापला आणि पोटावरचे जुने डाग दिसले. डॉक्टरांनी वर बघितलं.

"हे कुणी केलं?"

"म्या केलं," मी म्हणाले. "बिब्ब्याचा चटका दिलता. तान्ही हुती, पोट दुखायचं."

डॉक्टर तुझ्याकडं बघायला लागले आणि तू माझ्याकडं. मग तू म्हणालीस, "आजी, इथंच बसा. कुठं जाऊ नका." मला वाटलं, मला पकडलं. नात आत मरतेय आणि मी बाहेर चोर.

मंगल सिस्टर, मी इथूनच सुरू करते. मला तुला जे विचारायचं होतं ते याच्या पुढच्या घटकेतलं आहे.

तुझ्यावर आता पुष्कळ जण लिहितायत. छाया, आमच्या गावची आशा सेविका, मला म्हणाली, "आज्जी, तुमी बी लिवा. दवाखान्याचं बारकं पुस्तक निघणार हाय. पर चांगलं लिवा, भांडान नगं." मी चौथीपर्यंत शिकले. नवरा फौजेत होता, त्याला पत्रं लिहून लिहून हात बसला. पण नुसतं चांगलं लिहायचं तर त्याला माझी काय गरज? तुझं माझं भांडण होतं आणि ते अर्धं राहिलं.

सांगलीच्या त्या सरकारी दवाखान्यात तुझ्या खोलीच्या दारावर 'समन्वयक' असं लिहिलेलं होतं. मला वाचता आलं, कळलं नाही. पुढं कधीतरी विचारलं तेव्हा तू सांगितलंस. एखादं लेकरू येतं, घरचे म्हणतात पडलं, आणि डॉक्टरांना ते पडल्यासारखं दिसत नाही. तिथून पुढं डॉक्टर, पोलीस, बालकल्याण समिती, गावची आशा, अंगणवाडी, या सगळ्यांना एका जागी बांधायचं, ते तुझं काम.

"म्हंजे मोळीचं वाढं," मी म्हणाले. ऊस तोडला की त्याच्याच शेंड्याचं वाढं पिळून मोळी बांधतात.

तू लय हसलीस. "उद्याच पाटी बदलून घेते," म्हणालीस. तू वाईची. ऊस तुला रसवंतीतलाच माहीत.

त्या दिवशी मात्र हसायचं काही नव्हतं. सकाळी माझा लेक संदीप आणि सूनबाई शिरवळहून मित्राची गाडी घेऊन आले होते. संदीप तिथं कंपनीत होता, भाड्याच्या खोलीत राहायचा. दारात गाडी थांबली आणि माझ्या हातात पोरगी दिली. संदीप म्हणाला, "कालपास्नं नुसती झोपतीया, बघ जरा." मी बघितलं आणि तशीच गाडीत बसले. कडेगावच्या दवाखान्यानं हात लावला नाही, रुग्णवाहिका दिली आणि सांगलीला पाठवलं. छाया माझ्याबरोबर आली, संदीप आणि सूनबाई गाडीनं मागून आले. वाटेत मी इशीला हाका मारल्या. तिनं एकदा ओ दिल्यासारखं केलं. दिली का नाही, ते मला अजून सांगता येत नाही.

तू आम्हाला तुझ्या खोलीत बोलावलंस. खुर्च्या एका बाजूला सारलेल्या, खाली सतरंजी. डॉक्टर, एक पोलीसबाई, छाया आणि मी, सगळी मांडी घालून. असा दवाखाना मी कधी बघितला नव्हता. चपला बाहेर काढायला लावल्यास आणि म्हणालीस, "ऐकलेलं बाहेर ठेवा, चपलांबरोबर. जाताना घेऊन जा. आत फक्त डोळ्यांनी बघितलेलं आणायचं."

डॉक्टर म्हणाले, डोक्याला आतून मार आहे, डावा हात मोडलाय, आणि त्याच हातात आधीचं एक हाड मोडून जुळलेलं दिसतंय. छाया म्हणाली, गाडी आली तेव्हा ती नळावर होती, पोरगी उतरवली तेव्हाच लुळी होती. मग सगळी माझ्याकडं बघायला लागली. तू चहाचा कप माझ्यापुढं सरकवलास. तू मला विचारलं नाहीस की तुझ्या लेकानं मारलं का. तसं विचारलं असतंस तर मी नाही म्हणाले असते, देवाशपथ. तू म्हणालीस, "आजी, तुम्ही काय बघितलंय?"

मी म्हणाले, "दिवाळीला आलती समदी. पोरगी रडत हुती. त्यानं तिला एका हातानं उचलली आनि खाटंवर आपाटली. म्या बघितलं."

पोलीसबाईनं लिहून घेतलं. मी चहा प्याले. माझ्या तोंडून माझा लेक गेला आणि मी चहा प्याले, साखर जास्त होती हेही कळलं.

आता गुंता कुठं आहे ते सांगते. त्याच दिवशी, तुझ्या खोलीच्या दारात संदीप शिपायाला सांगत होता, "आईकडं पडली, ओट्यावरनं. म्हातारीला नीट दिसत न्हाई." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. फक्त कधी ऐकलं ते मला आठवत नाही. आत जाताना ऐकलं, का बाहेर येताना?

आत जाताना ऐकलं असेल तर मी पोरीसाठी बोलले नाही. माझ्यावर ढकललं त्याचा मला राग आला आणि मी त्याला खड्ड्यात घातलं. बाहेर येताना ऐकलं असेल तर मी पोरीसाठीच बोलले. शब्द दोन्हीकडं तेच. पोरीचं भलंही तेवढंच. मग हे मला का कुरतडतं, ते मला सांगता येत नाही. रानात खुरप्यानं भांगलत असले तरी मध्येच हात थांबतो. कधी वाटतं आधी ऐकलं, कारण चहा प्यायला हात स्थिर होता, रागात माझा हात स्थिर होतो. कधी वाटतं नंतर ऐकलं, कारण बाहेर आल्यावर मी भिंतीला टेकले होते. तू दोन्ही वेळा दारातच उभी होतीस. तुला माहीत होतं.

आणि एक सांगायचं राहिलं. मी त्या दिवशी घरातून अनवाणी निघाले होते. तू चपला बाहेर ठेवा म्हणालीस, माझ्या पायात नव्हत्याच. बाकीच्यांनी काही ना काही बाहेर ठेवलं. मी काय ठेवलं आणि काय आत घेऊन आले, कुणाला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी तू फोनवर भांडत होतीस. शिरवळ सातारा जिल्ह्यात, आमचं गाव सांगली जिल्ह्यात. इकडचे पोलीस म्हणत, घडलं तिकडं. तिकडचे म्हणत, पोरगी तुमच्याकडं आहे. "साहेब, जिल्हा कुठला ते सावकाश ठरवा," तू म्हणालीस, "आत्ता ती माझ्या खाटेवर आहे." मग तू तिकडच्या बायकांना एकेक करून शोधून काढलंस. लस देणाऱ्या नर्सनं इशीचा कान काळानिळा झालेला बघितला होता, आई म्हणाली झोपेत खाटेवरून पडली, तिनं ऐकून घेतलं. अंगणवाडीची ताई म्हणाली, रस्त्यावर मोटारसायकल वाजली की इशी खेळणं टाकून कपाटामागं जाऊन बसायची. फोनवरच ती ताई रडायला लागली. तू तिला रडू दिलंस आणि मग विचारलंस, "अजून काय बघितलंत?"

मी तुला म्हणाले, "राग न्हाई येत तुला ह्यांचा? समद्यास्नी म्हाईत हुतं."

"सगळ्यांना नव्हतं माहीत. शितावरून भात कळतो म्हणतात ना, आजी? लेकरांच्या बाबतीत नाही कळत. चार शितं लागतात, आणि ती चार घरांत असतात."

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. काळा कान दिसला तर दिसला, त्याला चार शितं कशाला? पण मग मी दिवाळीत काय केलं होतं? संदीपला शिवी दिली आणि चुलीकडं वळले. त्या बायकांना बोलायचं माझं तोंड नव्हतं, तरी मी बोलले.

इशीनं डोळे उघडले तेव्हा आधी तुझी चमकी बघितली आणि मग तीच मागितली. तू नाकातली चमकी काढून तिच्या मुठीत दिलीस. तिनं ती तोंडात घातली. आम्ही दोघी तिच्या तोंडात बोटं घालत होतो. पोरगी परत आली त्या क्षणी आम्ही तिला रागावत होतो.

मग ती कुणाकडं राहणार, हा प्रश्न. संदीप पोलिसांकडं. सूनबाई एवढी मुकी झाली होती की तिला विचारलेलं तिला पोचत नव्हतं. तिचा एक कान कमी ऐकतो आणि तो कशानं गेला, हेही तेव्हाच बाहेर आलं. समितीसमोर मी उभी. तिथली एक बाई म्हणाली, "या आजींनीच मुलीला डागलंय. यांच्याकडं कसं द्यायचं?" बरोबर बोलली. तिच्या जागी मी असते तर मीही दिली नसती.

तू म्हणालीस, "कुणी केलं विचारल्यावर या 'मी केलं' म्हणाल्या. त्या दिवसापासून बाकी कुणीही 'मी' म्हटलेलं नाही."

समितीनं इशी माझ्याकडं दिली. दर महिन्याला तू येऊन बघायचं, ही अट. जिन्यात मी तुला म्हणाले, "अगं, बिब्बा गुन्हा असतोय हे म्हाईत असतं तर म्या खोटं बोलले असते."

"माहीत आहे मला," तू म्हणालीस.

हे तुझं मला कधी कळलं नाही. माहीत होतं तर मला का दिलीस? तुला दुसरं कुणी सापडलं नाही म्हणून, का माझ्यात काही बघितलंस म्हणून? सापडलं नाही म्हणून असेल तर तसं सांगायचं. मला वाईट वाटलं नसतं.

मग तू यायला लागलीस. कडेगावपर्यंत एसटीनं आणि पुढं छायाच्या गाडीवर मागं बसून. पहिले काही महिने मी तुला 'आवं सिस्टर' म्हणत होते, मग 'गं' कधी सुरू झालं ते कळलं नाही. तू इशीला अंगणात नेऊन खेळायचीस, मी बाहेरच थांबायचं. तिनं काय सांगितलं ते मला कधी सांगितलं नाहीस. "तिचं तिच्याजवळ," म्हणायचीस. मी चिडून तुला चहा द्यायची नाही. तू तशीच बसायचीस, मग मलाच लाज वाटून मी चूल पेटवायची.

बिब्ब्यावरनं तर प्रत्येक खेपेला. शेजारच्या तान्ह्याला कुणी बिब्बा दिला का, हे तू मला विचारायचीस, जशी काही मी तुझी शिपाई.

"हिंग लावा, शेक द्या, नाही थांबलं तर दवाखान्यात आणा. चटका देऊन पोटदुखी जाते का कुठं? ते लेकरू चटक्यानं रडतं, तुम्हाला वाटतं पोट थांबलं."

"आमच्या समद्या पोरांस्नी दिला. मेलं का कोन?"

"संदीपला दिला होता?"

"दिला हुता की. लय रडायचा त्यो."

तू गप्प बसलीस. त्या गप्प बसण्याचा राग माझ्या मनात अजून आहे. बोलली असतीस तर मला भांडता आलं असतं. तुला काय म्हणायचं होतं? लहानपणी रडला म्हणून आईनं चटका दिला, म्हणून मोठेपणी पोरगी रडली की त्याचा हात उठला, असं? तसं असेल तर गावात सगळेच तसले निघायला हवे होते. तसं नसेल तर तू गप्प का बसलीस? त्यानंतर मी कुणाला बिब्बा दिला नाही. हे तुला सांगायचं नव्हतं, तू फुशारली असतीस.

शेवटच्या खेपेला आलीस तेव्हा तू ओट्यावर बसताना खांब धरलास. शेंगदाण्याचा लाडू दिला तो इशीला दिलास. हात वर केलास तर बांगड्या कोपरापर्यंत उतरल्या.

"बारीक झालीस गं लय. बांगड्या बघ कुठं चालल्यात."

"वाईच्या बांगड्या सैलच असतात, आजी."

"तुमी वाईची मानसं लय गोड बोलताय. पर खरं काय ते सांगत न्हाईसा."

तू हसलीस. मग मी त्या दाराबद्दल विचारलं. आधीही विचारलं होतं, तेव्हा तू म्हणाली होतीस, पोरगी जिवंत आहे ना, मग झालं. त्या दिवशी तसं म्हणाली नाहीस. माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "ते बसून सांगण्यासारखं आहे. पुढच्या खेपेला सांगते." म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी होतं. एका शब्दात सांगता येईल असं नव्हतं. एवढंच माझ्या हाती ठेवून तू छायाच्या गाडीवर बसलीस.

पुढं छायाचा फोन आला. पुण्याला नेलं होतं, तिथंच गेलीस. आजार पोटातला होता म्हणे.

तुझं तेरावं झाल्यावर दवाखान्यात तुझ्यासाठी जमायचं ठरलं. हार, फोटो, भाषण, ते खाली मोठ्या खोलीत झालं. नंतर डॉक्टर म्हणाले, सिस्टरांच्या खोलीत बसू जरा. तीच सतरंजी. तेच डॉक्टर, तीच पोलीसबाई, छाया आणि मी. कुणी सांगितलं नव्हतं तरी सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या.

मग पोलीसबाई म्हणाली, "गेल्या पावसाळ्यात चौकीत सिस्टर उलटी करून आल्या. मला म्हणाल्या, पित्त आहे."

छाया म्हणाली, "गाडीवर मागं बसल्यात का न्हाई, हेच कळायचं न्हाई मला. दोनदा वळून बघितलं हुतं."

मी बांगड्यांचं सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "जिन्यात थांबायच्या. मला वाटलं फोन बघतायत."

चार शितं, चार घरांत. जिनं आम्हाला एका सतरंजीवर बसायला शिकवलं, तिच्यासाठी आम्हाला कुणी बसवलं नाही. मी डॉक्टरांना म्हणाले, "आता का बसलोय आपन?" मला त्यांना टोचायचं नव्हतं. मला खरंच कळत नव्हतं.

आणि तुझाही मला राग आला. दुसऱ्याच्या लेकराचं एवढंसं दडवलेलं तू शोधून काढायचीस आणि स्वतःचं असं लपवलंस की जवळ बसून आम्हाला दिसलं नाही. का दिसलं होतं आणि आम्ही मान्य केलं नाही? दिवाळीत मला दिसलं होतं, तसं? बघ, परत तिथंच आले. तुझ्यावर लिहायला बसले की मी त्या दारातच येऊन थांबते.

संदीप जामिनावर सुटला. खटला चालू आहे. मला साक्षीला उभं राहायचं आहे आणि त्या दिवशी तू मागं बाकावर बसशील असं मी धरून चालले होते. आता वकील विचारेल, "आजी, मुलावर राग होता म्हणून बोलता का?" तेव्हा मी काय सांगू? दिवाळीचं बघितलेलं सांगेन. रागाचं विचारलं तर सांगेन की मला माहीत नाही, ज्या बाईला माहीत होतं ती गेली. हे न्यायालयात चालतं का, कुणाला विचारू?

इशी आता दुसरीत आहे. डावा हात पूर्ण वर जात नाही, बाकी बरी आहे, तोंड माझ्यासारखं आहे. तू गेल्याचं तिला मी फोन आला त्याच दिवशी सांगितलं. छाया म्हणाली होती, लेकराला एकदम सांगू नका, गावाला गेली म्हणा. मी म्हणाले, "मंगल मावशी मेली."

ती पाटीवर काहीतरी काढत होती. म्हणाली, "तू बघितलंस?"

"न्हाई. ऐकलं."

"मग बाहेर ठेव," ती म्हणाली आणि परत काढायला लागली.

म्हणजे अंगणात तू तिलाही हेच शिकवत होतीस. मी चुलीपाशी जाऊन बसले. तिला परत सांगावं का, ते मला समजेना. अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा ऐकलेलं सगळं बाहेर ठेवते, या वेळी माझ्या पायात चपला आहेत. संदीप शिरवळला असतो, नीट जेवत नाही, हे ऐकलेलं. तू पुण्याला शेवटी कुणाला तरी इशीची चौकशी करायला सांगितलंस, हेही ऐकलेलं. बघितलेलं एवढंच आहे. त्या दिवशी त्या दवाखान्यात माझ्या हातातून लुळी पोरगी आत नेली, आणि आत्ता ती समोर अंगणात एका हातानं दोरीवरचे कपडे काढतेय. इशी जगली. मीही जगले.